तिसऱ्या पिक्चरमधली इंदूबाई

कुंदाताईंच्या नाकावर राग असतो हे अख्ख्या नेर गावाला ठाऊक आहे. तहसील कचेरीत होत्या तेव्हा साहेबसुद्धा त्यांच्या टेबलाला वळसा घालून जायचे. निवृत्तीनंतर राग जरा निवळेल असं घरच्यांना वाटलं होतं, पण झालं उलटंच. आधी त्याला निदान कचेरीची वेळ होती, आता तो दिवसभर मोकळा. तरी यंदा चैत्रात त्यांना आलेला राग नेहमीचा नव्हता. नेहमीचा राग ओरडून झाला की संपायचा आणि त्या चहा मागायच्या. या रागात त्यांना चहासुद्धा सुचला नाही.

निमित्त झालं वडिलांच्या कादंबरीचं. श्रीकृष्ण मास्तर म्हणजे कुंदाताईंचे वडील. नेरजवळच्या धामणखेड्याच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी गेली. पोरांना पाढे शिकवता शिकवता त्यांनी एक रहस्यकथा लिहिली, 'पंगत उठली तेव्हा'. पुस्तक असं काही चाललं की मास्तर स्वतःच घाबरले. आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि बघता बघता त्यावर तीन पिक्चर झाले. मास्तरांनी पहिले दोन पाहिले. तिसरा निघायच्या आधी ते गेले, आणि कुंदाताईंच्या मते हे एक देवाने बरं केलं.

कादंबरीत गाव धामणखेडाच आहे आणि माणसंही धामणखेड्याचीच, खऱ्या नावांनिशी. त्याला कारण गावच. मास्तर एकेक प्रकरण लिहून झालं की मारुतीच्या पारावर वाचून दाखवायचे, आणि वाचन संपलं की लोक त्यांच्या मागे लागायचे, "गुरुजी, मले बी घ्या ना त्याच्यात." पुस्तकात नाव येणं म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढण्यासारखंच वाटायचं लोकांना. भगवानराव तेव्हा ऐन तिशीतले, गडी हौशी. त्यांना हिरो व्हायचं होतं. मास्तर म्हणाले, हिरो तर एस.टी.चा कंडक्टर ठरलाय, खुनाचा तपास तोच करतो. "मंग मले मारा," भगवानराव म्हणाले, "पन घ्या." म्हणून मास्तरांनी त्यांना मारलं. भगवानराव आजही ठणठणीत आहेत, ऐंशीच्या घरात आहेत, आणि लग्नाकार्यात पाहुण्यांशी त्यांची ओळख अजून 'कादंबरीत मेलेले' अशीच करून देतात.

इंदूबाई तेव्हा गावात नवी नवरी होऊन आली होती. तिच्या हातच्या वांग्याच्या भाजीची कीर्ती मांडव उतरायच्या आत गावभर झाली होती. म्हणून कादंबरीतली स्वयंपाकीण इंदूबाई. हनुमान जयंतीची पंगत, गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी. भगवानराव जेवून उठतात आणि पारापाशी कोसळतात. गाव इंदूबाईला धरतं. पोलीस तिला गाडीत बसवणार, इतक्यात कंडक्टर येतो आणि एकच प्रश्न विचारतो. पंगतीआधी निवद गाईला दिला होता, ती गाय कशी आहे? गाय गोठ्यात मजेत रवंथ करत असते. म्हणजे भाजी चोख. विष असतं जेवणानंतरच्या विड्यात, आणि विडा दिलेला असतो चुलतभावाने, बांधाच्या भांडणापायी. शेवटच्या प्रकरणात इंदूबाई कंडक्टरला भाजी वाढते आणि अख्खं गाव त्याच्या मागे पत्रावळी घेऊन उभं राहतं. मास्तरांनी ते प्रकरण पारावर वाचलं तेव्हा इंदूबाई पदरात तोंड घालून रडली होती. कुंदाताई तेव्हा परकरात होत्या, पण त्यांना ते रडणं चांगलं आठवतं.

तर नेरच्या वाचनालयाने कार्यक्रम ठरवला, 'एक कादंबरी, तीन चित्रपट'. तिन्ही पिक्चरांची तुलना कुंदाताईंनी करायची आणि पाहुणा म्हणून तिसऱ्या पिक्चरचा दिग्दर्शक, आर्णीचा श्रेयस, मुंबईहून येणार. कुंदाताई हो म्हणाल्या. पहिले दोन पिक्चर त्यांना तोंडपाठ होते. तिसरा त्यांनी पाहिला नव्हता. तो टॉकीजला लागलाच नव्हता, मोबाइलवर आला होता, आणि मोबाइलवर पिक्चर पाहणं म्हणजे चाळणीतून पाणी पिणं असं त्यांचं मत. हक्क प्रकाशकाकडे होते, त्यामुळे त्यांना कुणी काही विचारलंही नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी निकिता आली. निकिता म्हणजे इंदूबाईची नात, नेरच्या कॉलेजला बी.एस्सी. करते. एरवी आली की आधी फ्रिज उघडणारी पोरगी, आज दारातच उभी राहिली.

"ताई, आजीले यंदा सैपाकाले नाही बोलावलं."

"कशाच्या?"

"हनुमान जयंतीच्या. कमिटीनं आर्णीचा केटरर सांगतला."

कुंदाताईंना आधी कळेचना. धामणखेड्यात हनुमान जयंती आणि इंदूबाईची भाजी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. मास्तर गेले तेव्हा कुंदाताईंनी गावाला मोठी कढई दिली होती, काठावर त्यांचं नाव कोरून, ती इंदूवहिनीने भाजी करावी म्हणूनच. "का? आजारी आहे का ती?"

"पिक्चरमुळं," निकिता म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "लोकं आजीच्या हातचं खात नाही ताई. कोनी पानी बी पीत नाही आमच्या घरी. लहान पोरं वीखआजी म्हनतात तिले. मागच्या महिन्यात मैनाबाईच्या नातवाचं बारसं होतं, आजी पुरनपोळीचं ताट घेऊन गेलती, ते त्यायनं कुत्र्याले टाकलं. आजीनं पाह्यलं."

कुंदाताईंनी निकिताचा मोबाइल घेतला, चष्मा लावला आणि तिथेच सोफ्यावर बसून तिसरा पिक्चर पाहिला. मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, यावरूनच निकिताने ओळखलं की काय वादळ येणार आहे. पिक्चर हिंदीत होता. गावाचं नाव धामनखेडा. मेला तो भगवानराव. कंडक्टर होता, पण दारुडा केलेला. चुलतभाऊ सज्जन निघाला. गाय पिक्चरमध्ये नव्हतीच. आणि शेवटी पावसात, वीज कडाडताना, केस मोकळे सोडून जी बाई हसत हसत सांगते की हो, भाजीत विष मीच कालवलं, तिचं नाव इंदू.

कुंदाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! बाबांनी ज्या बाईला सोडवण्यासाठी अख्खी कादंबरी लिहिली, तिलाच या दीडशहाण्याने गुन्हेगार केलं, आणि वर तिचं नावही तसंच ठेवलं.

"गाडी काढ," त्या निकिताला म्हणाल्या.

स्कूटीवर मागे बसून भर उन्हात त्या धामणखेड्यात पोचल्या. इंदूबाई ओसरीवर तुरीची डाळ निवडत होती. कुंदाताईंना पाहून उठली, सवयीने पाण्याला आत गेली, आणि दारातच थांबली. तांब्या आणावा की नाही, हे तिला कळत नव्हतं. ते पाहून कुंदाताईंचा जीव कासावीस झाला. त्या स्वतः आत गेल्या, माठातून गडवा भरून घेतला आणि उभ्या उभ्या घटाघट प्यायल्या.

"जाऊ द्या ताई," इंदूबाई म्हणाली. "लोकाइचं काय हाये, आज बोलतीन, उद्या भुलतीन. माह्यं काय आता, वय झालं. कढई बी उचलत नाही मले."

"उचलत नाही म्हणून नको म्हणालीस की त्यांनी नको म्हटलं म्हणून?"

इंदूबाई डाळीतला खडा शोधू लागली. खडा नव्हताच.

पारावर कमिटी बसली होती. कमिटी म्हणजे सचिव रामलाल, दोन-चार रिकामटेकडे, आणि मधोमध बाजेवर, उशाला लोड घेऊन, भगवानराव. ज्यांचा खून झाला म्हणून गाव इंदूबाईच्या हातचं खात नव्हतं, ते पाय पसरून कुल्फी खात होते.

पारापाशी राग आला की कुंदाताईंची भाषा आपोआप गावाकडे वळते. "काय हो रामलाल," त्या म्हणाल्या, "इंदूवहिनीले काहून बोलावलं नाही?"

"ताई, आमाले का मालूम नाही का, बाई देवमानूस हाये. पन लोकं भेतात. एखाद्याले उलटी-गिलटी झाली म्हंजे उगाच मंदिराचं नाव खराब होते."

"भेतात कायले? खून झाला का इथं कधी?"

"नाही झाला."

"भगवानकाका, तुमी मेले का?"

"अजून तं नाही," भगवानराव म्हणाले आणि सगळे हसले. भगवानरावही हसले. कुंदाताई हसल्या नाहीत.

"मंग पिक्चर खोटा. मंग बोलवा तिले."

"पिक्चर खोटा हाये हे समद्यायले मालूम हाये ताई," रामलाल समजूत घालत म्हणाला. "पन इतका खर्च करून कोनी उगाच थोडी काढते पिक्चर? काही तरी असनच. तवा गुरुजीनं दाबून टाकलं असंन, इंदूबाईवर दया येऊन. असं म्हनून राह्यले लोकं."

ही अशी गत. मास्तरांनी खोटा खून लिहिला होता, लोकांनी तो ऐकता ऐकता त्यात नाव मागून घेतलं होतं, आणि आता त्याच लोकांना वाटत होतं की खून खरा होता आणि मास्तरांनीच त्यातला गुन्हेगार लपवला. कुंदाताईंना डोकं पारावर आपटून घ्यावंसं वाटलं. स्वतःचं नव्हे, रामलालचं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाचा हॉल भरला होता. श्रेयस आला होता, देखणा मुलगा, दाढी कोरलेली, बोलायला गोड. त्याने वाकून कुंदाताईंच्या पायांना हात लावला. हे त्यांना आवडलं नाही, कारण त्यामुळे सुरुवातीलाच ओरडता येईना.

त्यांनी तुलना केली, आणि कबूल करायला हवं, रागातसुद्धा नीट केली. पहिला पिक्चर मराठी, चाळीसेक वर्षांपूर्वीचा. त्याने धामणखेडा उचलून थेट कोल्हापूरकडे नेला. रोडग्यांच्या जागी तांबडा रस्सा आला, गावात एक लावणी आली, कंडक्टरला एक प्रेयसी आली आणि ती प्रत्येक स्टँडवर त्याच्यासाठी गात उभी. "बाबा तो पिक्चर पाहून घरी आले आणि आठवडाभर हसत होते," कुंदाताई म्हणाल्या. "पण त्यात गाय होती. कोल्हापूरची का असेना, धष्टपुष्ट का असेना, गाय होती. विडा होता, चुलतभाऊ होता. बाकी सगळा तमाशा केला, पण दोषी कोण आणि निर्दोष कोण, याला त्यांनी हात लावला नाही."

दुसरा पिक्चर टीव्हीसाठी केलेला, नव्वदीतला. तो इतका संथ की त्यात भगवानराव जेवायलाच अर्धा तास घेतात. पैसे कमी होते म्हणून पंगतीत सातच माणसं बसली होती, आणि गाय नुसती हंबरते, दिसत नाही. "पण त्यातली इंदूबाई," कुंदाताई म्हणाल्या, "पोलीस न्यायला आले तेव्हा हात धुते, पदराला पुसते आणि मग उठते. बाबांच्या पुस्तकात हे नाही. त्या नटीने ते स्वतः केलं असावं. आणि पुस्तकापेक्षा ते बरं आहे, असं बाबाच म्हणाले होते. तेव्हा पुस्तकात बदल करू नये, असं माझं म्हणणं नाही. बदल करा. खुशाल करा."

मग त्या श्रेयसकडे वळल्या. "आता हा तिसरा. याने गाय काढली आणि बाई लटकवली."

हॉलमध्ये चुळबूळ झाली. श्रेयसने माइक घेतला. तो शांतच बोलला. "ताई, मी लहानपणी हे पुस्तक वाचलं आणि मला तेव्हापासून एक गोष्ट खटकायची. पुस्तकातली इंदू काय करते? रडते. तिला वाचवतो एक पुरुष. मी म्हटलं, का? तिला स्वतःची ताकद का नको? माझ्या पिक्चरमध्ये भगवान तिच्यावर अत्याचार करतो आणि ती सूड घेते. मी तिला बळी ठेवलं नाही. मी तिला उभी केली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा चांगला बोलला होता, आणि खोटंही बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि कुंदाताईंना त्याचाच जास्त संताप आला.

"उभी केलीस," त्या म्हणाल्या. "तिला विचारलंस?"

"कुणाला?"

"इंदूला."

श्रेयस हसला. "ताई, ती पात्र आहे."

"ते पात्र काल माझ्यासमोर तुरीची डाळ निवडत होतं! त्या पात्राच्या हातचं पाणी गावात कुणी पीत नाही आता. त्या पात्राची पुरणपोळी लोकांनी कुत्र्यासमोर टाकली. आणि तुझ्या पिक्चरमध्ये जो माणूस अत्याचार करतो ना, तो भगवान, तो पारावर कुल्फी खातो. त्याने आयुष्यात कुणाकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही. दोन जिवंत माणसांना तू चिखलात लोळवलंस आणि त्याला ताकद म्हणतोस?"

श्रेयसचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "देवाशपथ. मला वाटलं नावं काल्पनिक आहेत. आम्ही शूटिंगसुद्धा केळापूरकडच्या गावात केलं. सुरुवातीला पाटी आहे ताई, सगळी पात्रं काल्पनिक म्हणून..."

"पाटी कोण वाचतं? पाटी येते तेव्हा लोक शेंगदाणे सोलत असतात."

कार्यक्रम तिथेच आटोपला. नंतर जिन्यात श्रेयस त्यांच्या मागे आला. आता तो मुंबईचा दिग्दर्शक वाटत नव्हता, आर्णीचा पोरगा वाटत होता. "मी काय करू ते सांगा. पिक्चर मागे नाही घेता येत, तो माझा राहिला नाही."

"मंगळवारी हनुमान जयंती आहे," कुंदाताई म्हणाल्या. "ये आणि जेव."

मग त्या रामलालशी फोनवर भांडल्या. केटररला नको म्हणा. तो म्हणाला, आगाऊ पैसे दिलेत. त्या म्हणाल्या, मग माझ्या वडिलांच्या नावाची कढई मला परत द्या, आत्ता टेम्पो पाठवते. कढई परत जाणं म्हणजे गावाची नाचक्की, पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा नाही. रामलाल नरमला. शेवटी असं ठरलं की रोडगे आणि वरण केटरर करेल, भाजी इंदूबाई करेल, आणि पहिल्या पंगतीत पहिल्या पानावर भगवानराव बसतील. त्यांनी भाजी खाल्ली की विषयच मिटला. मेलेल्या माणसाने खाल्ल्यावर कोण काय बोलणार? भगवानराव फोनवर म्हणाले, "हो हो, खातो ना, त्यात काय." कुंदाताईंना त्या रात्री झोप चांगली लागली.

मंगळवारी मंदिरामागे गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायला पडले होते. इंदूबाईने पहाटेच वांगी चिरली होती. ती नवं लुगडं नेसून आली होती आणि कुणाशी बोलत नव्हती, पण झारा फिरवताना तिचा हात कसा चालला होता ते निकिताने पाहिलं आणि आजीचा फोटो काढला. निवद निघाला. गाईने तो खाल्ला आणि शेपटी हलवत उभी राहिली. कुंदाताईंनी मुद्दाम मोठ्याने सगळ्यांना दाखवलं, "पाहा, गाय पाहा." एक जण मागून म्हणाला, "गाईचं काय ताई, गाय तं प्लास्टिकची पन्नी बी पचवते."

पंगत बसली. बायांची पंगत नंतर असते, पण कुंदाताई पहिल्याच रांगेत मांडी घालून बसल्या आणि त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही. त्यांच्या शेजारी श्रेयस. समोरच्या रांगेत पहिला मान भगवानरावांचा. पत्रावळीवर रोडगा आला, वरण आलं, तूप आलं, भाजी आली. पुंडलिक वरदे झालं. आणि रांगेतल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या.

भगवानरावांनी रोडगा फोडला. वरणात कुस्करला, तूप घेतलं, घास घेतला. दुसरा घेतला. भाजीकडे त्यांचा हात गेलाच नाही. ते पाहून दुसऱ्याने तसंच केलं, मग तिसऱ्याने. रांगभर लोक रोडगा-वरण ओरपत होते आणि प्रत्येक पत्रावळीच्या कोपऱ्यात भाजी जशीच्या तशी.

कुंदाताईंनी भाजीचा मोठा घास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मिटक्या मारत खाल्ला. श्रेयसनेही खाल्ली, मनापासून खाल्ली, पुन्हा मागून घेतली. त्याने काहीच फरक पडला नाही. "त्याले का भेव हाये," कुणीतरी पुटपुटलं, "वीख कधी टाकाचं ते त्यालेच मालूम हाये."

"काका," कुंदाताई म्हणाल्या. "भाजी."

"खातो ना. मले शुगर हाये बाई."

"वांग्यात साखर असते का?"

इंदूबाई भाजीची बादली घेऊन वाढत वाढत भगवानरावांपुढे आली होती. ती थांबली. तिने पत्रावळीकडे पाहिलं. "भाऊजी, भाजी कायले ठेवली?"

भगवानरावांनी हातातला घास खाली ठेवला. ते मुळात वाईट माणूस नव्हते, आणि तोंडावर खोटं बोलणं त्यांना जमेना. "इंदू, तुले खोटं नाही सांगत. मले मालूम हाये तुनं काही केलं नाही. अव, मी मेलोच नाही तं तू काय करशीन? पन त्या पिक्चरमंधी तो मानूस तोंडातून फेस काढून पडते ना, त्याचं नाव भगवान हाये. वांगं हाती घेतलं का मले तो दिसते. माह्या गळ्याखाली घासच उतरत नाही पोरी. मी का करू?"

कुंदाताईंना त्यांची मानगूट धरून हलवावंसं वाटलं. मग श्रेयसची. मग, जन्मात पहिल्यांदा, त्यांना स्वतःच्या वडिलांचा राग आला. पारावर बसून हसत हसत खरी नावं घालणाऱ्या माणसाला काय गरज होती त्या मजेची? लोक मागत होते म्हणून द्यायची? मागणारे हौशी होते, पण इंदूवहिनीने कधी मागितलं होतं?

इंदूबाई बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या पानापर्यंत पोचला. "लगन होऊन आली तवापासून वाढून राह्यली मी तुमाले. तुमच्या पोराइच्या लग्नात वाढलं, तुमची माय मेली तवा तेराव्याले वाढलं. आता मी खुनी झाली. बरं. मी खुनी हावो, तं मंग तुमी जिते काहून हा भाऊजी?"

भगवानरावांनी मान खाली घातली.

इंदूबाईने बादली खाली ठेवली. तिने एक रिकामं घमेलं घेतलं, वाकली, आणि भगवानरावांच्या पत्रावळीवरची भाजी हाताने उचलून घमेल्यात टाकली. वाढलेलं अन्न पानावरून कुणी परत उचलत नाही. मग दुसऱ्याच्या पानावरची उचलली, मग तिसऱ्याच्या. प्रत्येकाला वाटलं आपल्या शेजारचा म्हणेल, राहू दे इंदूबाई, खातो. कुणी म्हणालं नाही. काहींनी तर हात बाजूला घेऊन तिला वाट करून दिली. कुंदाताईंच्या डोळ्यांत संतापाचं पाणी आलं.

रांग संपवून, बादली उचलून इंदूबाई या बाजूला आली. कुंदाताईंची पत्रावळ स्वच्छ होती. इंदूबाईने घमेलं बाजूला सारलं आणि ती कुंदाताईंच्या शेजारी खाली बसली. रांधणारी बाई पंगतीत बसत नाही, ती सगळ्यांच्या शेवटी, चुलीपाशी जेवते. तिने एक कोरी पत्रावळ ओढली, बादलीतली भाजी तीवर वाढून घेतली, जरा जास्तच घेतली.

"मले बी पाहू द्या ना," ती म्हणाली, "मरते का मी."

आणि तिने घास घेतला. अख्खी पंगत, भगवानरावांसकट, हातातला रोडगा हातात धरून खरोखरच पाहत राहिली.